चष्मा फुटला, पोथी शाबूत होती

आम्ही वाघोलीतल्या एका बचत गटाच्या बारा जणी. आमचं गाव २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेलं, पण गटाचं दप्तर आजही सचिवताईंच्या घरीच असतं. एका पावसाळ्यात छत गळून दोन वह्या भिजल्या. शाई पसरायच्या आत आम्ही पानापानाचे फोटो काढले आणि ताईंच्या घरच्या कॉम्प्युटरवर ठेवले. भिजलेल्या वर्षाचा हिशेब आता तेवढाच.

मागच्या बैठकीत त्याच फोटोंची गरज पडली. एका मैत्रिणीचं म्हणणं, कर्जाचे सात हप्ते भरले. नव्या वहीत उतरलेले सहाच. आवाज चढायला लागले. फोटो बघू म्हणून कॉम्प्युटर लावला, तर फोटो उघडेना. विंडोजबरोबर आलेला ‘फोटोज’ नावाचा प्रोग्रॅम क्षणभर दिसायचा आणि बंद व्हायचा. आदल्या रात्री अपडेट चालू असताना आम्हीच घाईत भिंतीवरचं बटण बंद केलं होतं. बहुधा तिथंच बिघडलं.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, “फॉरमॅट मारावा लागेल.” म्हणजे सगळं पुसून नव्याने भरायचं. दुसऱ्या एकीने इंटरनेटवर ‘हेल्पलाइन’चा नंबर शोधला. पलीकडचा माणूस म्हणाला, “एक ॲप घ्या, मला तुमचा स्क्रीन दिसेल.” आम्ही फोन ठेवून दिला. अनोळखी माणसाला स्क्रीन दाखवला की बँकेचं खातंही त्याच्या हाती जाऊ शकतं. कुणाचे पैसे असे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

तेवढ्यात आमच्यातल्या सगळ्यात वडील आजी म्हणाल्या, “अगं, चष्मा फुटला म्हणजे पोथी फाटली का?” खरंच की! प्रोग्रॅम हा चष्मा, फोटो ही पोथी. फोटो ‘पिक्चर्स’ फोल्डरमध्ये तसेच होते. एका फोटोवर माऊसचं उजवं बटण दाबलं, ‘ओपन विथ’मध्ये जाऊन ‘पेंट’ निवडलं आणि पान समोर उभं राहिलं. हे ‘पेंट’ १९८५ च्या पहिल्या विंडोजपासून सोबत आहे. चित्र काढण्याखेरीज असंही उपयोगी पडतं.

पानावर सात हप्ते होते. नव्या वहीत उतरवताना एक राहिला होता. चूक आमची होती. आम्ही त्या मैत्रिणीची माफी मागितली आणि तिथेच वही दुरुस्त करून सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

मग प्रोग्रॅमकडे वळलो. तुमच्याकडे असं झालं तर लहान उपायाकडून मोठ्याकडे जा. कागद-पेन्सिल घ्या, सांगतो.

सर्वात आधी कामाच्या फायलींची पेन ड्राइव्हवर नक्कल करा. मग कॉम्प्युटर ‘रीस्टार्ट’ करा. नुसता बंद करून चालू केला, तर विंडोज लवकर सुरू होण्यासाठी मागचं थोडं धरून ठेवते. रीस्टार्टमध्ये ते सुटतं. कोपऱ्यातली तारीख आणि वेळ बरोबर आहे ना, तेही बघा. अपडेट अर्धवट असेल तर पूर्ण होऊ द्या.

तरीही नाही जमलं, तर ‘सेटिंग्ज’मध्ये ‘ॲप्स’, त्यात ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ उघडा. बिघडलेल्या प्रोग्रॅमच्या नावापुढच्या तीन टिंबांवर दाबून ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जा. जुन्या विंडोज १० मध्ये तीन टिंबं नसतात, नावावरच दाबायचं. खाली ‘रिपेअर’ आणि ‘रीसेट’ अशी दोन बटणं दिसतील. आधी ‘रिपेअर’; त्यात प्रोग्रॅममधलं काही पुसलं जात नाही. त्याने भागलं नाही तरच ‘रीसेट’. त्यात प्रोग्रॅममधली आपली मांडणी पुसली जाते, म्हणून नक्कल आधी. आमचं काम ‘रीसेट’नेच झालं. फोल्डरमधला एकही फोटो हलला नाही.

आणि दर वेळी आपलंच चुकलं असं समजून घाबरू नका. ३१ ऑक्टोबर २०२१ नंतर जगभर कितीतरी जणांच्या विंडोज ११ मधलं स्क्रीनचं चित्र घेणारं ‘स्निपिंग टूल’ अडलं. कारण काय, तर मायक्रोसॉफ्टच्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती! दुरुस्ती येईपर्यंत कंपनीनेच सांगितलं, कीबोर्डवरचं ‘प्रिंट स्क्रीन’ दाबा आणि चित्र ‘पेंट’मध्ये चिकटवा. म्हणजे त्यांच्याही घरी पाहुणे आले की शेजारचं भांडं चालतं.

दुरुस्तीवाल्याकडे जायचंच नाही असं नाही. पण जाताना नक्कल घरी ठेवा, आणि ‘फॉरमॅट’ म्हणाला तर आधी विचारा, “नुसता हा एक प्रोग्रॅम दुरुस्त होत नाही का?”

आम्ही आता दर बैठकीनंतर फोटो दोन ठिकाणी ठेवतो, कॉम्प्युटरवर आणि पेन ड्राइव्हवर. पेन ड्राइव्ह अध्यक्षताईंच्या कपाटात असतो. आणि अपडेट चालू असेल तर बटणाला कुणी हात लावत नाही. लावलाच, तर आजी ओरडतात.