पृष्ठभागाला चिकटणारे विष

अधिशोषण म्हणजे आत मुरणे नव्हे, पृष्ठभागाला चिकटणे. म्हणून थोड्या वजनात अधिक पृष्ठभाग मिळवणे, हीच अधिशोषणाने पाणी शुद्ध करण्याच्या तंत्राची खरी वाटचाल. कोळशाने सुरुवात झाली. पुढे चेन्नईत, आयआयटी मद्रासमध्ये, प्रा. टी. प्रदीप यांच्या गटाने लोहाच्या संयुगाचे अतिसूक्ष्म कण कायटोसान या जैवबहुलकात गुंफले. ‘अमृत’ नावाच्या या तंत्राने पाण्यातले आर्सेनिक लिटरमागे 10 मायक्रोग्रॅमच्या मर्यादेखाली आणता येते.

यावर आक्षेप असा, की विष नाहीसे होत नाही, केवळ जागा बदलते. ते खरेच आहे. पण पाण्यात विखुरलेल्या विषापेक्षा थोड्याशा कणांत बांधलेले विष सांभाळणे सोपे. मात्र वापरलेले कण गोळा करण्याचा खर्च पाण्याच्या किमतीत पहिल्या दिवसापासून धरायला हवा.