नोंद नसलेली गोळी
(वार्षिक सभेतील भाषण)



जमाखर्चाचे विवरण आपणांपुढे आहेच. त्यात न मावणारी एक गोष्ट सांगावयाची आहे. गेल्या पावसाळ्यात एका आजींना त्यांच्या चिरंजीवांनी येथे आणले. तीन दिवस त्या असंबद्ध बोलत होत्या, रात्री न्हाणीघराकडे जाताना पडल्याही होत्या. घरच्यांनी 'वय झाले' असे समजून मनाची समजूत घातली होती. तपासणीत रक्तातील सोडियम फारच उतरलेले आढळले. पतींच्या निधनानंतर जडलेल्या नैराश्यासाठी महिन्यापूर्वी आमच्याच बाह्यरुग्ण विभागात त्यांना एस्सिटालोप्रॅम सुरू झाले होते. रक्तदाबासाठीची, लघवी वाढविणारी गोळी त्या पूर्वीपासूनच दुसरीकडून घेत होत्या. दोन्ही गोळ्या सोडियम उतरवू शकतात. दुसरीची नोंद आमच्या केसपेपरवर नव्हती, कारण आम्ही विचारलेच नव्हते. हिशेबात जन्म गेलेल्या आम्हांला नोंद नसलेला व्यवहार खटकतो. येथे मात्र तो खटकला नाही, याची खंत आहे. आजी आठवड्याभराने बऱ्या होऊन घरी गेल्या.

यावरून ही औषधेच वाईट, असा अर्थ कृपया काढू नये. उपचाराविना राहिलेल्या नैराश्याने वृद्धांचे अन्न तुटते, मधुमेहाच्या गोळ्या चुकतात, जगण्याची इच्छाही सरते. आमचे डॉक्टर सांगतात, की उतारवयात मात्रा अल्प ठेवून सुरुवात करावी व सावकाश वाढवावी. सिटालोप्रॅम साठीनंतर दिवसाला २० मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, कारण हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. ॲस्पिरिन अथवा सांधेदुखीच्या गोळ्या सोबत चालू असतील तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. गुण येण्यास चार ते सहा आठवडे, क्वचित अधिकही लागतात. तोवर धीर सोडून, किंवा बरे वाटले म्हणून, औषध एकाएकी बंद करू नये. झोप लागत नाही म्हणून शेजारच्या घरातून अमिट्रिप्टिलिनची गोळी मागून आणण्याची रीतही आम्ही पाहिली आहे. तिने वृद्धांची लघवी अडते, भ्रम होतो.

आता ६५ वर्षांवरील प्रत्येक रुग्णास घरातील सर्व गोळ्या, काढे व चूर्णेसुद्धा, एका पिशवीत घालून आणावयास आम्ही सांगतो. औषध सुरू करण्यापूर्वी आणि त्यानंतर दोन ते चार आठवड्यांत सोडियमची तपासणी होते. दुसऱ्या तपासणीस खर्चापायी अनेकजण येत नाहीत. ती विनामूल्य करण्याचा ठराव आज विश्वस्तांपुढे ठेवला आहे.