गावातल्या होडीला कुठलं इंजिन घ्यायचं?

आजचा विषय कोडिंगचा नाही, आउटबोर्ड मोटरचा आहे. म्हणजे होडीच्या मागे लटकवतात ते इंजिन. आमच्याकडे त्याला सरळ 'मशीन' म्हणतात.

आमचं घर देवबागला, मालवणजवळ. बाबा १६ फुटी फायबरची होडी चालवतात, पर्यटकांना कर्ली खाडीत फिरवतात. तीन वर्षांपूर्वी मी हौसेने त्यांना नवीन फोर-स्ट्रोक इंजिन घेऊन दिलं. इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन, बटण स्टार्ट, पेट्रोलही कमी खायचं. स्पेसिफिकेशनचा तक्ता मीच एक्सेलमध्ये केला होता. लाज वाटते आता.

मे महिन्यात, भर सीझनला, संगमाजवळ ते बंद पडलं. होडीत चार माणसं, एक लहान मुलगी, आणि ओहोटी लागलेली. तिथे ओहोटी सरळ समुद्राकडे ओढते. बाबांनी आधी नांगर टाकला, मग हाक मारली. मी फोनवरून विचारलं, 'बंद करून परत चालू केलंत का?' ते म्हणाले, 'रे, ह्यो काय मोबाईल आसा, रिस्टार्ट करूक?'

शेजारच्या होडीने ओढून आणलं. बिघाड एका सेन्सरचा निघाला. पण तो शोधायला लॅपटॉप लागतो आणि लॅपटॉपवाला मेकॅनिक सहाव्या दिवशी आला. पार्ट यायला आणखी १७ दिवस. तोवर पाऊस तोंडावर.

दुसऱ्या खेपेला मी ब्रोशर उघडलं नाही, किनाऱ्यावर चक्कर मारली. कुणाकडे कुठलं मशीन आहे, ते किती वर्षं चाललंय, बिघडलं तर कोण उघडतं? तीन शेजाऱ्यांकडे एकच १५ हॉर्सपॉवरचं कार्बोरेटरवालं टू-स्ट्रोक होतं. दोरी ओढून स्टार्ट. बॅटरी मेली तरी चालतं. एकाचा पार्ट दुसऱ्याला बसतो, ही सगळ्यात मोठी सर्व्हिस.

टू-स्ट्रोक धूर करतं, पेट्रोल जास्त पितं, ऑइल मिसळावं लागतं. हे खरंच आहे, त्यासाठी मला डीएम करू नका. तुमच्या गावापासून तासाभरावर चांगला मेकॅनिक असेल, तर बिनधास्त फोर-स्ट्रोक घ्या. आमच्याकडे नव्हता.

विक्रेत्याला मी एकच गोष्ट विचारली: वॉटर पंपचा इम्पेलर, स्पार्क प्लग, फ्युएल फिल्टर आणि पंख्याची पिन आत्ता, याच काउंटरवर मिळेल का? पहिल्या दुकानात 'मागवून देतो' म्हणाले. उठलो. दुसऱ्याने डबा काढून समोर ठेवला. इम्पेलर हे रबराचं चाक असतं, तेच इंजिनला थंड ठेवणारं पाणी वर ओढतं. आमच्यासारख्या उथळ, वाळूच्या खाडीत ते लवकर झिजतं. इंजिनच्या मागून पिचकारी उडते ना, ती बारीक झाली की समजायचं. तो बदलायला बाबा एका दुपारी शिकले.

आणि हो, शाफ्टची लांबी. होडीची मागची फळी आधी मोजा. १५ इंची आणि २० इंची शाफ्टमध्ये घोळ झाला, तर पंखा हवा तरी खातो नाहीतर तळ घासतो.

पेट्रोलबद्दलही एक सांगतो. त्यातलं इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळे पावसाळ्याआधी आम्ही टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करतो. खाऱ्या पाण्यातून आलं की दर वेळी गोड्या पाण्यावर इंजिन चालवून धुतो.

जुनं फोर-स्ट्रोक विकलं, तोट्यात. पेट्रोलचा खर्च वाढलाय, बाबा दर महिन्याला ऐकवतात. होडीत आता वल्ह्याची जोडी, नांगर आणि तो पार्टचा डबा असतो. एक्सेल शीट मात्र बाबांनी अजून डिलीट करू दिलेली नाही.