हिवरे बाजारच्या पोरांचा आराखडा



आपल्या तरुण मंडळाने गावाचा आराखडा करायचे मनावर घेतले आहे. काही वडीलधारी माणसे म्हणतात, ‘पोरांना काय कळतं?’ म्हणून आज आपण हिवरे बाजारची हकीकत ऐकू.

हे गाव अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. 2024 पर्यंत या जिल्ह्याला अहमदनगर म्हणत. गावाला डोंगर आहे, पण पाऊस कमी. वर्षाला सरासरी 400 मिलिमीटरच्या आसपास. 1972 साली मोठा दुष्काळ पडला. पुढे डोंगर उघडा पडला. पडेल तो पाऊस माती घेऊन वाहून जाई. विहिरी आटल्या. माणसं पोटासाठी शहरात गेली. मागे राहिली भांडणं आणि दारू.

1989 साली गावातले तरुण एक झाले. त्यांनी पोपटराव पवार यांना सरपंच होण्याची गळ घातली. पोपटराव गावचेच. एम. कॉम. शिकलेले, क्रिकेट खेळणारे. ते सरपंच झाले.

आता ऐका. या पोरांनी पहिला हात घातला तो शाळेला. लोकांनी श्रमदान केलं. आम्ही जन्मभर मास्तरकी केली, म्हणून शाळेचे गोडवे गातो, असे कोणी म्हणेल. म्हणू द्या! पण दोन्ही तटांची मुले एकाच वर्गात बसतात. शाळेच्या कामाला नाही कोण म्हणणार?

मग ग्रामसभेत डोंगराचा विषय निघाला. चर खणले, बंधारे घातले, झाडे लावली. सरकारच्या आदर्श गाव योजनेची मदत मिळाली. नियम ठरले. झाड तोडायचे नाही. डोंगरावर जनावर मोकळे सोडायचे नाही. गवत कापून न्यायचे. ज्याला शेत नाही, चार शेळ्याच आहेत, त्याला असला नियम फार जड जातो. आमच्या मते त्याचे म्हणणे सभेने सर्वांआधी ऐकावे.

सगळ्यांत अवघड नियम बोअरचा. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही. ऊस लावायचा नाही. कोणी विचारील, माझ्या रानात मी बोअर घेतला तर गावाचं काय जातं? अहो, जमिनीखालच्या पाण्याला बांध नसतो. एकाने खोल बोअर मारला, की शेजाऱ्याची विहीर आटते.

2004 सालापासून तिथे पाण्याचा ताळेबंद मांडू लागले. पाऊस किती झाला ते मोजायचे. आधी माणसांचे आणि जनावरांचे पाणी बाजूला काढायचे. उरेल त्यावर पिके ठरवायची. घरातली बाई कणगीतले धान्य पाहून वर्षाचा बेत करते, तसंच हे. पाऊस कमी, तर उन्हाळी पीकही कमी. गेलेली कितीतरी कुटुंबे पुढे गावात परत आली.

आपल्या मुलांनी काढलेला नकाशा मागच्या भिंतीवर लावला आहे. कुठे चर खणायचे, तिथे लाल रेघ आहे. ज्यांच्या रानातून ती रेघ जाते, त्यांनी जवळ जाऊन पाहावे. शेळ्यावाल्यांनी आणि आयाबहिणींनीही पाहावे. मग जे बोलायचे ते आजच, याच सभेत बोलावे. कंदील जळतो आहे तोवर आम्ही इथेच बसलो आहोत.