निधीचे कुळ आणि नाण्याचे मोल

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



शंभर वर्षे वाचकांची सेवा करणाऱ्या या संस्थेच्या व्यासपीठावरून बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. मी नाणकशास्त्राचा पंडित नव्हे. होळकरांच्या मल्हारनगर टांकसाळीचा सूर्यमुखी छापाचा एक रुपया लहानपणी आजोबांनी माझ्या तळहातावर ठेवला, तेव्हापासून जडलेला हा छंद आहे. आजचा विषय मात्र एका घरगुती प्रसंगातून सुचला. तोच आधी सांगतो.

माझ्या नात्यातले एक काका निवृत्तीनंतर दूरचित्रवाणीवरील विक्रीचे कार्यक्रम मोठ्या आवडीने पाहत. एके दिवशी ते मखमली अस्तराची एक पेटी घेऊन माझ्याकडे आले. आत चांदीची बारा जुनी नाणी आणि गुळगुळीत कागदावर छापलेले एक प्रमाणपत्र होते. नाणी ‘ऐतिहासिक निधीतील’ असल्याचे त्यावर लिहिले होते. निधी कोठे सापडला, केव्हा सापडला, कोणी पाहिला, याविषयी एक अक्षर नव्हते. काका म्हणाले, “अरे, ही साधी नाणी नव्हेत, निधीतली आहेत. नातवाच्या शिक्षणाला उपयोगी पडतील.” पुढे तशी वेळ आली तेव्हा आम्ही दोघे सराफाकडे गेलो. त्याने नाणी काट्यावर ठेवली, चांदीचा भाव धरला आणि जो आकडा सांगितला तो काकांनी मोजलेल्या रकमेच्या चौथाईहूनही कमी होता. प्रमाणपत्र मात्र त्याने आदराने परत केले. म्हणाला, “हा कागद आपल्याकडेच राहू द्या.”

निधीच्या नावाने नाण्याचे मोल वाढते काय, आणि दूरचित्रवाणीवरील वाखाणणीने ते वाढते काय, हे दोन प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनात आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभीपासून शोधू. १९०६ साली तेथे चांदीच्या नाण्यांचा एक निधी सापडला. त्यात तेरा हजारांहून अधिक नाणी होती आणि ती सारी क्षहरात क्षत्रप नहपानाची होती. रेव्हरंड स्कॉट यांनी त्यांचा अभ्यास करून तो प्रसिद्ध केला. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली आढळली. नहपानाचा मुखवटा तसाच आहे आणि त्यावर सातवाहनांचा त्रिशिखर पर्वत व उज्जयिनी चिन्ह उमटलेले आहे. गौतमीपुत्राने क्षहरातांचा उच्छेद केला हे नाशिकच्या लेण्यातील बलश्रीचा शिलालेख सांगतोच. पण राजमातेने पुत्राची केलेली स्तुती ही शेवटी स्तुतीच असते. तिला साक्ष मिळाली ती या मडक्यातील चांदीची.

यातले एक नाणे सुटे हाती आले असते, तर पुन्हा छाप मारलेले एक कुतूहलाचे नाणे एवढेच आपण म्हटले असते. हजारो नाणी एकत्र सापडली, मोजली गेली, नोंदली गेली, म्हणून तो इतिहास झाला. बयाना येथे १९४६ साली सापडलेल्या गुप्तकालीन सुवर्णनिधीचेही तेच. डॉ. अनंत सदाशिव अळतेकरांनी त्यातील १८२१ नाण्यांची सूची १९५४ साली सिद्ध केली आणि गुप्तांच्या नाण्यांचा अभ्यास त्या सूचीशिवाय करता येईनासा झाला. निधीचे कुळ म्हणतात ते हे. नाण्याच्या धातूत काडीचीही भर पडत नाही. त्याच्याविषयीच्या ज्ञानात पडते. अशी नोंद असलेल्या नाण्यासाठी अभ्यासू संग्राहक चार पैसे अधिक मोजत असेल, तर तो फसत नाही.

आता बाजाराकडे वळू. निधीच्या नावाचा व्यापार अमेरिकेत जितका पद्धतशीर झाला तितका क्वचितच अन्यत्र झाला असेल, म्हणून उदाहरणेही तिकडचीच घेतो. न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीत १९०३ साली चांदीचे साडेचव्वेचाळीस लाख डॉलर पाडले गेले होते. १९१८ च्या एका कायद्यान्वये सत्तावीस कोटींवर चांदीचे डॉलर वितळवण्यात आले, तेव्हा हेही त्यातच गेले असावेत असा संग्राहकांचा समज झाला. त्यामुळे कोऱ्या स्थितीतील एका नाण्याची सूचीतील किंमत पंधराशे डॉलरपर्यंत चढली. १९६२ च्या अखेरीस सरकारी कोठारातून त्याच नाण्यांच्या पिशव्याच्या पिशव्या बाहेर आल्या आणि किंमत थोड्याच दिवसांत काही दहा डॉलरांवर कोसळली. नाणे तेच, चांदी तीच, छापही तोच. निधी सापडला म्हणून ते स्वस्त झाले! निधी याचा अर्थ ‘दुर्मीळ’ असा नव्हे. पुष्कळदा त्याचा अर्थ ‘आपण समजत होतो त्याहून विपुल’ असाच असतो.

दुसरे उदाहरण नेवाडा राज्यातील कार्सन सिटी टांकसाळीच्या डॉलरांचे आहे. अमेरिकन सरकारने १९६४ साली चांदीचे डॉलर देणे थांबवले, तेव्हा खजिन्यात सुमारे एकोणतीस लाख नाणी उरली होती. त्यांतील बहुतेक याच टांकसाळीची होती. १९७२ ते १९८० या काळात ती टप्प्याटप्प्याने जनतेला विकण्यात आली. १८८४ साली तेथे ११,३६,००० डॉलर पाडले गेले होते; त्यांपैकी सुमारे ९,६२,००० खजिन्यातच पडून होते. म्हणजे दर शंभरांतील जवळजवळ पंच्याऐंशी नाणी कोणाच्या खिशात गेलीच नव्हती. तरीही सरकारने ज्या कठीण प्लॅस्टिकच्या पेटीत ती विकली, त्या मूळ पेटीसह आलेल्या नाण्याला संग्राहक आजही काही अधिक देतात. ते अधिक आहे ते पेटीच्या साक्षीचे. नाणे त्या खजिन्यातूनच आले याची ती ग्वाही देते.

ही साक्ष किती नाजूक असते, हे रेडफील्ड यांच्या साठ्यावरून कळते. नेवाडातील रीनो शहरी राहणारे हे धनिक गृहस्थ बँकांवर व सरकारवर विश्वास नसल्याने चांदीचे डॉलर तळघरात भिंतीआड साठवीत. १९७४ साली ते वारले तेव्हा साठ्यात चार लाखांहून अधिक डॉलर निघाले. १९७६ मध्ये न्यायालयाच्या देखरेखीखाली झालेल्या लिलावात तो साठा ७३ लाख डॉलरना गेला आणि पुढे त्यांचे नाव छापलेल्या प्लॅस्टिकच्या वेष्टनांतून त्यातील नाणी विकली गेली. नाणे वेष्टनातून काढले की मात्र ते रेडफील्डांचे की अन्य कोणाचे, हे ओळखण्यास सहसा काहीच उरत नाही. कुळ नाण्यावर कोरलेले नसते. ते कागदावर असते, आणि कागद खोटा असला तर कुळही खोटे.

समुद्रातील निधींची कथा अधिक रम्य आहे. ‘रिपब्लिक’ नावाची आगबोट १८६५ साली जॉर्जियाच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात बुडाली आणि २००३ साली सापडली. तिच्यातून एक्कावन्न हजारांवर नाणी निघाली. त्यांत चांदीचे अर्धे डॉलर पुष्कळ होते व खाऱ्या पाण्याने त्यांचा पृष्ठभाग खाल्लेला होता. एरवी असे झिजके नाणे संग्राहक बाजूला सारतो. येथे ते लाकडी पेटीत, प्रमाणपत्र व माहितीपटासह विकले गेले. यात लबाडी होती असे मी म्हणत नाही. ज्याला त्या बोटीची कथा हवी आहे त्याने ती अवश्य विकत घ्यावी. पण आपण नाणे घेत आहोत की कथा, एवढे त्याने स्वतःला विचारावे.

आता दुसरा प्रश्न, दूरचित्रवाणीचा. पडद्यावर नाणे तळहाताएवढे दिसते, ‘थोडेच नग शिल्लक’ असा आकडा उतरत जातो, आणि विचार करण्यास वेळ मिळत नाही. संग्राहकाला सर्वांत आवश्यक असतो तो नेमका हा वेळ. नाणे हातात घेणे, भिंगातून पाहणे, दुसऱ्या विक्रेत्याला भाव विचारणे, या तिन्ही गोष्टी पडद्यासमोर होत नाहीत. अमेरिकेत १९९९ ते २००८ या काळात पन्नास राज्यांची पाव डॉलरची नाणी निघाली. एकूण संख्या तीन हजार चारशे कोटींहून अधिक. तीच नाणी सोन्याचा मुलामा देऊन, रंग भरून, ‘मर्यादित संच’ म्हणून विकली गेली. मुलाम्याने नाण्याचा मूळ पृष्ठभाग जातो, म्हणून संग्राहकाच्या दृष्टीने त्याचे मोल वाढण्याऐवजी घटते.

आपल्या घरातील स्त्रियांना हा व्यवहार मुळीच नवा नाही. दागिना घेताना आपण घडणावळ देतो. मोडीला नेला की घडणावळ मिळत नाही. दूरचित्रवाणीची वाखाणणी ही अशीच घडणावळ आहे. जाहिरातीचा, पेटीचा आणि बोलणाऱ्याचा खर्च पहिल्या ग्राहकाने द्यायचा आणि दुसऱ्याने तो मानायचा नाही, अशी त्या बाजाराची रीत. जाहिरातीने किंमत वाढते, मोल वाढत नाही.

आपल्याकडे आणखी एक सावधगिरी हवी. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडले, तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. तेव्हा ‘नुकत्याच सापडलेल्या निधीतले’ म्हणून कोणी नाणे पुढे केले, तर दोनच शक्यता उरतात. नोंद झाली असेल तर ती दाखवता आली पाहिजे. नसेल तर एकतर कथा खोटी, नाहीतर व्यवहार बेकायदेशीर. जुन्या नाण्यांना लाखो रुपये मिळवून देतो असे सांगून आधी शुल्क मागणारेही निघाले आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नावाचाही असा वापर झाला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्या बँकेला जाहीर इशारा द्यावा लागला.

या सभागृहात मी हे का सांगतो आहे? आपल्या ग्रंथालयातील प्रत्येक पुस्तकावर दाखल क्रमांक आहे, आणि अनेकांवर देणगीदाराचे नाव आहे. त्या शिक्क्याने पुस्तकाचा मजकूर बदलत नाही. पण ते कोणाच्या घरातून, कोणत्या साली आले हे कळते, आणि शंभर वर्षांनी त्या नोंदींतूनच या गावच्या मराठी समाजाचा इतिहास उभा राहतो. नाण्याचे खरे कुळही अशाच एका साध्या नोंदीत असते.

आपल्यापैकी अनेकांच्या देवघरात, कपाटात होळकरी किंवा शिंदेशाही रुपये असतील. ते विकू नका असे मी सांगणार नाही. तो ज्याच्या त्याच्या गरजेचा प्रश्न आहे. विनंती एवढीच की आज घरी गेल्यावर एक चिठ्ठी लिहा. हे नाणे कोणाचे, कोणत्या गावाहून आले, घरात कधीपासून आहे, आणि हे तुम्हाला कोणी सांगितले. ठाऊक असेल तेवढेच लिहा, खाली सही करा, तारीख घाला आणि ती नाण्याबरोबर ठेवा.

काकांची पेटी अजून माझ्याकडे आहे. नाणी त्यांनी विकली. नातवाचे एका सहामाहीचे शुल्कही त्यातून पुरते निघाले नाही. उरले ते गुळगुळीत प्रमाणपत्र. त्यावर सुंदर अक्षरात पुष्कळ काही छापले आहे. पण सही कोणाचीच नाही.