अस्मानी आणि सुलतानी



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला आपत्तींच्या इतिहासावर बोलायला सांगितले, तेव्हा आम्ही क्षणभर बिचकलो. मोगऱ्याच्या दिवसांत, जेवणे लवकर उरकून येथे जमलेल्या मंडळींना दुष्काळ आणि लढाया ऐकवायच्या, म्हणजे पाहुण्याने पंगतीला बसून यजमानांच्या घरातील जुनी दुखणी काढण्यासारखेच झाले. पण ही दुखणी भोकरदनचीच आहेत, आणि ती घरच्यांनीच आठवायची नाहीत तर कोणी?

आपल्या भाषेत आपत्तीला एक सुंदर जोडशब्द आहे, 'अस्मानी सुलतानी'. अस्मानातून येते ती अस्मानी: अवर्षण, अतिवृष्टी, गारा, टोळधाड. राजाकडून, लष्कराकडून, वसुली करणाऱ्याकडून येते ती सुलतानी. जुन्या इजाऱ्याच्या करारांतून हा शब्द कलमासारखा येतो. अस्मानी सुलतानी झाल्यास वसुलीत सूट मिळावी, एवढाच त्याचा अर्थ. कारकुनांनी हे दोन शब्द सुटे का ठेवले नाहीत, याचा आम्ही बरेच दिवस विचार करीत आहोत. आमची समजूत अशी झाली आहे की, त्यांना ते सुटे करताच आले नसते. आभाळ नुसते मारते आणि माणसे मारतात, असे दोन हिशेब या मुलखात कधी वेगळे निघालेच नाहीत.

आपले गाव फार जुने. सांची आणि भारहूतच्या शिलालेखांत ज्या भोगवर्धनच्या दात्यांची नावे आहेत, ते भोगवर्धन हेच, असे विद्वान मानतात. १९७३ साली येथे उत्खनन झाले आणि हस्तिदंतात कोरलेली एक स्त्रीमूर्ती भग्नावस्थेत मिळाली. तशाच घडणीची मूर्ती १९३८ साली इटलीतील पॉम्पेई येथे सापडली होती. पॉम्पेई इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, म्हणून ती मूर्ती राखेत सुखरूप राहिली. भोगवर्धनवर मात्र असा कोणताही पर्वत कोसळला नाही. नगर हळूहळू ओसरले, आणि त्याची तारीख सांगता येत नाही. ही गोष्ट आम्ही सहज म्हणून सांगत नाही. बेटावरचे वादळ किंवा ज्वालामुखी एका दिवसाचे काम करून जातो. आमच्या दख्खनची आपत्ती मृगापासून दिवाळीपर्यंत, दिवाळीपासून होळीपर्यंत सावकाश चालत येते. ती येताना दिसते. तिला वाटेत अडवायला अवधी असतो, आणि तिला वाट करून द्यायलाही तेवढाच अवधी असतो.

१६३० सालचा दुष्काळ पाहा. पाऊस गेला हे खरेच. परंतु कोणत्या वेळी गेला? मलिक अंबर १६२६ साली वारला होता, त्याने बसविलेली निजामशाहीची घडी विस्कटत होती आणि शाहजहान बादशहा खानजहान लोदीच्या पाठलागावर फौजा घेऊन बुऱ्हाणपुरास उतरला होता. जी जमीन कोरडी पडली होती तिच्यावरूनच लष्करे दाणावैरण शोधीत फिरत होती. त्याच वर्षी शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला, आणि देहूस तुकोबांची पहिली पत्नी या दुष्काळात गेली. बादशहाने बुऱ्हाणपुरास लंगर उघडले, दर सोमवारी पाच हजार रुपये वाटविले, साराही माफ केला. हे त्याच्या दरबारी इतिहासकाराने मोठ्या अभिमानाने लिहून ठेवले आहे, आणि ते खोटे मानण्याचे कारण नाही. मात्र मोहीम थांबविल्याची नोंद त्याने केलेली नाही, कारण मोहीम थांबलीच नाही.

आता आपण आपल्या अंगणात येऊ. २३ सप्टेंबर १८०३ या दिवशी येथून पूर्वेला, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात, असईची लढाई झाली. दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा एका बाजूला आणि जनरल वेलस्ली दुसऱ्या बाजूला. हाच वेलस्ली पुढे वॉटर्लूचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. नदीच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर दोन गावे दिसतात, त्या अर्थी मध्ये उतार असलाच पाहिजे, हा त्याचा तर्क आणि पिंपळगावापाशी त्याने ओलांडलेली केळणा, हे शाळेतील मुलांनाही ठाऊक आहे. इंग्रजांकडील १,५०० हून अधिक माणसे मेली वा जखमी झाली, शिंद्यांच्या सुमारे १०० तोफा त्यांच्या हाती पडल्या. तोफखान्याचे गोलंदाज तोफांपाशीच कापले गेले, पण जागचे हलले नाहीत. त्यांच्या शौर्याबद्दल आम्हाला आदरच आहे.

परंतु या लढाईचा आणखी एक हिशेब आहे. शत्रूचा उजवा पासोडा निव्वळ घोडदळाचा असून तो भोकरदनच्या आसपास पसरला आहे, असे वेलस्लीनेच आपल्या अहवालात लिहिले. हे घोडदळ तीस हजारांच्या वर होते, असा इंग्रजांचा अंदाज. आपण तीसच हजार धरू. एका घोड्याला दिवसाला पाच किलो वैरण, हेही कमीच धरू. एका दिवसाला दीड लाख किलो झाली. त्यात बैल, उंट, हत्ती, बुणगे आणि बाजार मोजलेले नाहीत. दिवस भाद्रपद-आश्विनाचे. म्हणजे बाजरी कणसात, ज्वारी पोटरीत. जे पीक उभे असेल ते उभेच घोड्यांच्या तोंडात गेले असणार, हे सांगायला इतिहासकाराची गरज नाही. कोणताही शेतकरी सांगेल.

त्या वर्षी परतीचा पाऊस दगा देऊन गेला, आणि पुढे १८०४ चा दुष्काळ पडला. आदल्या वर्षी यशवंतराव होळकरांच्या फौजा आणि त्यांच्यामागून पेंढारी दक्षिणेत हिंडून गेले होते. नगर, खानदेश, आमचा हा घाटमाथा, सगळीकडे पेवे आधीच रिकामी होती. म्हणजे पाऊस गेला तो भरल्या घरावरून गेला नाही, पूर्वीच लुटलेल्या घरावरून गेला. जिंकणाऱ्या वेलस्लीलाच मग अहमदनगरास भुकेलेल्यांसाठी कामे काढावी लागली. डिसेंबरात सुर्जी-अंजनगावचा तह झाला, अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेचा शिंद्यांचा बहुतेक मुलूख गेला आणि जालन्यासह आमचा हा भाग निजामाच्या पदरात पडला; तो १९४८ पर्यंत तिकडेच राहिला. कोणाची तोफ कुठे होती, याचे नकाशे लंडनच्या पुस्तकांत छापलेले आहेत. कोणाचे पेव कोणी फोडले याचा नकाशा कुठेच नाही. यात परके आणि आपले असा भेद करायची आमची इच्छा नाही. कणसाला घोड्याची जात कळत नाही.

ही गोष्ट आमच्याच नशिबी आली असेही नव्हे. वेस्ट इंडीजमधील जमैका बेटावर १७८० च्या ऑक्टोबरात मोठे वादळ झाले आणि पुढील काही वर्षांत एकामागून एक आणखी वादळे आली. बेट उसाचे. उसाच्या मळ्यांत राबणारे आफ्रिकन गुलाम आपल्या पोटापुरते डोंगरउतारावरील तुकड्यांत पिकवीत, आणि उरलेले धान्य अमेरिकेहून जहाजांनी येई. वादळाने केळींच्या बागा आडव्या केल्या. तेवढ्यात अमेरिका स्वतंत्र झाली आणि १७८३ साली इंग्लंडने अमेरिकन जहाजांना आपल्या बेटांशी व्यापाराची बंदी केली. १७८७ पर्यंतच्या सहासात वर्षांत पंधरा हजार गुलाम उपासमारीने आणि तिच्यामागून आलेल्या रोगांनी मेले, असे तेथील मळेवाल्यांच्याच विधिमंडळाने नमूद केले आहे. वारा अस्मानी होता. सगळी जमीन उसाला द्यावी, हे काही वाऱ्याने ठरविले नव्हते. आणि बंदीचा कागद तर मंत्र्याच्या सहीने निघाला होता.

१८७६ ते १८७८ चा आणि १८९९-१९०० चा, म्हणजे ज्याला आपली म्हातारी माणसे छप्पन्नचा दुष्काळ म्हणत तो, यांविषयी बोलायला आज वेळ नाही. एवढेच सांगतो की, पहिल्या वेळी पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारपुढे ठेवली, मजुरांना दिवसाला एक रतल धान्यावर राबविण्याचा कंजूषपणा चव्हाट्यावर आणला. आणि १८८० च्या दुष्काळ आयोगापासून निदान कागदावर तरी असे ठरले की, दुष्काळ ही सरकारने आधी तयारी करण्याची बाब आहे.

कागदावरचे प्रत्यक्षात उतरलेले आम्ही डोळ्यांनी पाहिले ते १९७२ साली. आम्ही तेव्हा शाळेत होतो. पाऊस लागोपाठ तिसऱ्या वर्षी फसला होता. घरात अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली. तिची भाकरी थापताना आई दर वेळी काहीतरी पुटपुटत असे, आणि ते सभेत सांगण्यासारखे नाही. कामावर सुकडी मिळे. ती मुलांसाठी असे, पण मोठी माणसेही पदराला बांधून नेत. खडीचे ढीग, पाझर तलावांची माती, नालाबांध, आणि रस्त्यावर रांगेने बसलेल्या बाया. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळजवळ पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. हा आकडा मनाशी घोळवून पाहा. आभाळ १६३० इतकेच कोरडे होते. पण त्या वेळेसारखी माणसे वाटेवर मरून पडली नाहीत.

यावर आमचे एक मित्र म्हणतात, "मग सुलतानी संपली म्हणा की!" तसे आम्ही म्हणणार नाही. गुरे मेली. जमिनी विकल्या गेल्या, त्या परत आल्या नाहीत. कामावर हजेरी एक आणि हातात पैसा दुसरा, असेही कित्येक ठिकाणी झाले. फोडलेली खडी कित्येक वर्षे रस्त्याकडेला तशीच पडून होती. तरीसुद्धा त्या वर्षाने एक गोष्ट पक्की केली: काम मागणाऱ्याला काम देणे ही दया नव्हे. वि. स. पागे यांनी धरून ठेवलेल्या या विचाराचा १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला, आणि २००५ साली दिल्लीने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा त्याला महाराष्ट्राचाच अनुभव पायाशी होता.

नंतर २०१२-१३ चे वर्ष आले. त्या वर्षी धान्य कमी नव्हते. दुकानात सगळे मिळत होते; पाणी नव्हते. जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा, पंधरा-पंधरा वर्षे पोरांसारख्या वाढविलेल्या, उभ्या वाळल्या आणि लोकांनी त्या तोडून सरपण केले. पन्नास फुटांच्या विहिरीशेजारी पाचशे फुटांची कूपनलिका, आणि तिच्या शेजारी आणखी खोल. हा सुलतान कोण? दिल्लीचा नाही, हैदराबादचा नाही, बुऱ्हाणपुरास उतरलेला तर नाहीच. आम्ही स्वतःही एक कूपनलिका खणली आहे, तेव्हा या प्रश्नावर फार आवाज चढवून बोलण्याचा आम्हाला अधिकार नाही.

आमचे बोलणे संपत आले. एक मागणे मात्र आहे. वेलस्लीचे अहवाल छापून आले, बादशहाची बखर छापून आली. या गावाची बाजू कुठे असेल तर ती तुमच्या माळ्यावरच्या जुन्या वह्यांत आहे: कोणत्या साली ज्वारीचा भाव काय होता, बैलजोडी कितीला विकली, विहिरीला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरले, १९७२ च्या हजेरीची चिठ्ठी, कोणाचे शेत कोणाकडे गहाण पडले. अशी वही, चिठ्ठी कोणाकडे असेल तर ती वाण्याच्या रद्दीत घालू नका. एकदा आम्हाला नुसती पाहू द्या. आम्ही येथेच बसून उतरून घेऊ आणि वही लगेच परत करू. आमची बस उद्या दुपारची आहे, आणि सकाळी आम्ही येथेच आहोत.