जखम भरते कशी?

आज बाप्पासमोर आम्ही दोघं घरातल्या अबोल्यावर बोलणार आहोत.

अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठातील जॅनिस किकोल्ट-ग्लेझर व त्यांचे पती रोनाल्ड ग्लेझर यांनी २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ४२ जोडप्यांच्या हातावर बारीक जखमा केल्या. एका खेपेला त्यांनी आपुलकीने बोलायचं, दुसऱ्या खेपेला वादाच्या विषयावर. वादानंतर जखम भरायला सुमारे एक दिवस जास्त लागला. फार टोचून बोलणाऱ्या जोडप्यांच्या जखमा तर इतरांच्या ६० टक्के वेगानेच भरल्या. ताणामुळे कॉर्टिसोलसारखी संप्रेरकं वाढतात आणि शरीराची दुरुस्ती मंदावते.

आमच्यापैकी एकाला मधुमेह आहे. गेल्या वर्षी घराच्या वाटणीवरून आमचा महिनाभर अबोला होता, तेव्हाच पायाची जखम चिघळली. अबोल्यानेच चिघळली असं म्हणणार नाही. साखर वाढलेली होतीच. पण तळपायाची पट्टी बदलायला दुसऱ्याचा हात लागतो, आणि तो मागायला बोलावं लागतं. आम्ही बोललो नाही. एक बोट गमावलं.

मतभेद आजही आहेत. पण रात्री एकमेकांचे पाय तपासल्याशिवाय आम्ही दिवा मालवत नाही. तुम्हीही आज घरी गेल्यावर अबोला सोडा, एवढीच विनंती.

गणपती बाप्पा मोरया!